परसातील तळ्याचे मासे आणि मासेखाऊ पक्षी : एकात्मिक व्यवस्थापनाची दिशा

दिल्लीला लागून असलेल्या गुरुग्राम, झज्जर, सोनिपत, फरिदाबाद व गाझियाबाद या जिल्ह्यांतील गावांत आणि शेतघरांच्या आवारांत वीस ते चाळीस चौरस मीटरची लहान तळी आता अपूर्वाईची राहिलेली नाहीत. कोठे घरच्या ताटासाठी रोहू-कटला वाढविले जातात, कोठे शोभेसाठी कोई कार्प, तर कोठे भाजीपाल्याच्या सिंचनाच्या टाक्यात डासांच्या अळ्या खाण्यासाठी गप्पी मासे सोडलेले असतात. हेतू वेगवेगळे असले तरी तक्रार बहुधा एकच असते : मासे सोडले आणि पंधरा दिवसांत ते दिसेनासे झाले. काठावर बगळा उभा दिसतो, संशय त्याच्यावर जातो आणि हाती लागेल ती जाळी, दोरा किंवा क्वचित विषही वापरले जाते.

पिकावर कीड दिसताच फवारणीचा पंप उचलू नये, हे एकात्मिक कीड व्यवस्थापनाने शेतकऱ्यांना शिकविले आहे. आधी कीड ओळखावी, नुकसान मोजावे, पिकाची परिस्थिती किडीला प्रतिकूल करावी, भौतिक अडथळे उभारावेत आणि त्यानंतरच पुढील उपायांचा विचार करावा, असा हा क्रम आहे. परसातील तळ्यालाही तोच लागू पडतो. फरक एवढाच की येथे समोर कीड नसून कायद्याने संरक्षित आणि शेतीला अनेक प्रकारे उपकारक असा पक्षी आहे. म्हणून या क्रमाच्या शेवटी ‘मारणे’ ही पायरी नाही.

राजधानीच्या परिसरात मासेखाऊ पक्षी इतके का?

दिल्ली हे केवळ इमारतींचे शहर नाही. यमुनेचे पूरमैदान, ओखला धरणाजवळील पक्षी अभयारण्य, गुरुग्राम जिल्ह्यातील सुलतानपूर आणि झज्जरमधील भिंडावास ही पाणथळे यांमुळे पाणपक्ष्यांना येथे वर्षभर आधार मिळतो. सुलतानपूर व भिंडावास यांचा २०२१ मध्ये रामसर स्थळांच्या यादीत समावेश झाला. खुद्द शहराच्या मध्यभागी, राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयाच्या तळ्यांतील बेटांवर १९६० पासून रंगीत करकोच्यांची वीण होत आली आहे. हे पक्षी पिंजऱ्यातील नसून मुक्त, रानटी आहेत. पावसाळ्याच्या उत्तरार्धात ते घरटी बांधतात आणि पिलांसाठी लागणारे मासे आवाराबाहेर, यमुनेच्या काठी व आसपासच्या पाणथळांत शोधतात.

यातील एक योगायोग मत्स्यपालकाने विशेष ध्यानात घ्यावा. उत्तर भारतात वंचक, बगळे व लहान पाणकावळे यांच्या विणीचा हंगाम जून ते सप्टेंबर असा असतो. मत्स्यबीज तळ्यात सोडण्याचा काळही जुलै-ऑगस्ट हाच. ज्या दिवसांत पिलांची भूक सर्वाधिक असते, नेमक्या त्याच दिवसांत तळ्यात सर्वांत लहान व सर्वांत अननुभवी मासे असतात. हिवाळ्यात दुसरी लाट येते : मोठ्या पाणकावळ्यांसह स्थलांतरित पाणपक्षी परिसरात उतरतात आणि थंड पाण्यात मासे मंदावलेले असतात.

लहान तळ्याचे वेगळे गणित

एक हेक्टरच्या तळ्यात साधारण ८,००० बोटुकली सोडली आणि एका वंचकाने रोज एक मासा याप्रमाणे महिनाभर शिकार केली, तर ३० मासे जातील. हे नुकसान ०.४ टक्क्याहूनही कमी आहे. त्यासाठी खर्च करणे परवडणार नाही. परंतु याच दराने ४० चौरस मीटरच्या परसातील तळ्यात ३० ते ४० मासे असतील, तर तोच एक पक्षी महिन्याभरात तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक साठा संपवू शकतो. पक्षी तोच, भूकही तीच. बदलते ती केवळ तळ्याची व्याप्ती.

हेच गणित दुसऱ्या बाजूने आशादायक आहे. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात कॅटफिशची मोठमोठी तळी पाणकावळ्यांच्या थव्यांपुढे हतबल होतात, कारण एवढे जलक्षेत्र झाकणे व्यवहार्य नसते. परसातील तळे मात्र संपूर्ण झाकता येते. लहानपण ही त्याची दुबळी बाजू आहे आणि सर्वांत मोठे बळही तेच आहे.

मासे गमावल्याची झळ केवळ ताटाला बसते असे नाही. मासे नसलेल्या साचलेल्या पाण्यात डासांची पैदास सुरू होते. दिल्ली परिसरात ऑगस्ट ते नोव्हेंबर हा डेंग्यूच्या प्रादुर्भावाचा काळ असतो आणि घराच्या आवारात डासांच्या अळ्या आढळल्यास महानगरपालिकेकडून नोटीस येऊ शकते. तळ्यातील मासे राखणे हा त्यामुळे आरोग्याचाही प्रश्न ठरतो.

पहिली पायरी : खरा भक्षक ओळखणे

सलग तीन दिवस, पहाटे व तिन्हीसांजेला अर्धा-अर्धा तास तळ्यापासून दूर बसून निरीक्षण करावे. पक्ष्याचे नाव, संख्या, वेळ, शिकारीचे प्रयत्न आणि प्रत्यक्ष पकडलेले मासे यांची वहीत नोंद ठेवावी. पुढील खुणा उपयोगी पडतात.

• वंचक (ढोकरी) व बगळे : उथळ पाण्यात किंवा काठावर स्तब्ध उभे राहून चोचीने झडप घालतात. चिखलात लांब बोटांचे ठसे उमटतात. निसटलेल्या माशाच्या पाठीवर भोसकल्यासारखी जखम दिसते.

• रातबगळा : तिन्हीसांजेनंतर व पहाटे येतो. दिवसभर काहीच दिसत नाही, तरी मासे कमी होतात, तेव्हा याचा विचार करावा.

• पाणकावळा : पाण्याखाली बुडी मारून पाठलाग करतो. चोचीचे टोक आकडीसारखे असल्याने निसटलेल्या माशाच्या दोन्ही बाजूंना ओरखडे उमटतात व खवले निघालेले दिसतात. खोल पाणी याला अडवू शकत नाही.

• खंड्या : तारेवर किंवा फांदीवर ठरावीक जागी बसून सूर मारतो, त्या बैठकीखाली पांढरी विष्ठा साचते. कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी तरंगत राहून थेट झेपावतो. यांचे लक्ष्य बोटुकलीसारखे लहान मासे असतात.

• घार : पृष्ठभागावरील मासा पायांनी उचलते. पुष्कळदा हा मासा आधीच मेलेला किंवा मरणासन्न असतो.

गायबगळा तळ्याजवळ दिसला तरी त्याला लगेच दोषी धरू नये. त्याचे मुख्य अन्न नाकतोडे व इतर कीटक हे आहे. वंचक व पांढऱ्या छातीचा खंड्या हेही माशांबरोबर कीटक, बेडूक, खेकडे मोठ्या प्रमाणात खातात.

पक्ष्याच्या नावावर खपणारे नुकसान

मासे नाहीसे होण्यामागे प्रत्येक वेळी पक्षीच असतो असे नाही. २५ मिलिमीटरपेक्षा लहान मत्स्यबीज पहिल्या दोन आठवड्यांत नाहीसे झाले, तर प्रथम जलकीटकांचा शोध घ्यावा. पाठीवर उलटे पोहणारे ढेकूणवर्गीय कीटक, पाणविंचू, मोठे पाणढेकूण, पाणभुंगेरे व त्यांच्या अळ्या, तसेच चतुराची पिले हे सर्व मत्स्यबीजाचे भक्षक आहेत. यांतील बहुतेकांचा वावर गढूळ पाण्यात व रात्री असल्याने ते नजरेस पडत नाहीत आणि सकाळी काठावर दिसणाऱ्या बगळ्यावर आळ येतो. बारीक छिद्रांची हातजाळी तळ्याच्या कडेने चार-पाच वेळा फिरविल्यास खरी स्थिती लगेच कळते.

हवेसाठी पृष्ठभागावर येणाऱ्या जलकीटकांवर साबण-तेलाचे मिश्रण हा मत्स्यसंवर्धनातील रुळलेला उपाय आहे. हेक्टरी ५६ किलो स्वस्त वनस्पती तेल व १८ किलो साधा धुण्याचा साबण असे त्याचे प्रमाण असते. ४० चौरस मीटरच्या तळ्यासाठी ते सुमारे २२५ ग्रॅम तेल व ७० ग्रॅम साबण इतके येते. साबण गरम पाण्यात विरघळवून त्यात तेल चांगले घुसळावे आणि वारा शांत असताना, मत्स्यबीज सोडण्यापूर्वी १२ ते २४ तास हे मिश्रण पृष्ठभागावर पसरावे. तेलाच्या पातळ थरामुळे कीटकांना हवा घेता येत नाही. चतुराची पिले मात्र कल्ल्यांनी श्वसन करीत असल्याने या उपायाला दाद देत नाहीत. ती हातजाळीनेच काढावी लागतात. तळ्यात कोणतेही कीटकनाशक टाकू नये. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधे माशांना अत्यल्प मात्रेतही घातक ठरतात.

प्राणवायूची कमतरता हे दुसरे लपलेले कारण आहे. ढगाळ व दमट हवेत पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात. अशा वेळी घारी व बगळे जमतात, परंतु ते रोगाचे कारण नसून लक्षण असतात. येथे जाळी नव्हे, तर ताजे पाणी सोडणे, खाद्य थांबविणे व हवा खेळती ठेवणे हा उपाय आहे. याशिवाय मांजर, मुंगूस व दिवड साप यांचा वावरही तपासून घ्यावा.

दुसरी पायरी : तळ्याची रचना बदलणे

वंचकाची शिकार उथळ पाण्यावर अवलंबून असते. काठ हळूहळू उतरता ठेवल्यास त्याला उभे राहण्यास ऐसपैस जागा मिळते. काठ शक्य तेवढा उभा ठेवून कडेलाच किमान ६० सेंटिमीटर पाणी आणि मध्यभागी दीड मीटर खोली ठेवल्यास पाण्यात उतरून होणारी शिकार बरीच आटोक्यात येते. लहान मुलांचा वावर असलेल्या घरी अशा तळ्याभोवती कुंपण अत्यावश्यक आहे. खोलीचा दुहेरी लाभ होतो : मे-जूनमध्ये पाणी कमी तापते आणि डिसेंबर-जानेवारीत माशांना तळाशी तुलनेने उबदार जागा मिळते. उन्हाळ्यातील बाष्पीभवनाने पातळी खाली जाते आणि खोल तळेही उथळ होते. म्हणून पाण्याची भर घालणे हा संरक्षणाचाच भाग समजावा.

माशांना लपण्यास जागा देणे हा स्वस्त व परिणामकारक उपाय आहे. १० ते १५ सेंटिमीटर व्यासाच्या पाइपांचे तुकडे, तोंड फुटलेले माठ, मंगलोरी कौलांच्या उतरंडी तळाशी ठेवाव्यात. इंग्लंडमधील प्रयोगांत अशी आश्रयस्थाने असलेल्या तळ्यांत पाणकावळ्यांच्या शिकारीत लक्षणीय घट दिसून आली. कमळ किंवा कुमुदिनीची पानेही आडोसा देतात; परंतु त्यांनी एक तृतीयांशापेक्षा अधिक पृष्ठभाग व्यापू नये. जलपर्णी मात्र टाळावी.

मत्स्यबीजाचा आकार हाही रचनेचाच भाग आहे. जिरे किंवा अर्धबोटुकली थेट तळ्यात सोडण्याऐवजी ती हाप्यात किंवा झाकलेल्या टाकीत वाढवून १० सेंटिमीटरची बोटुकली झाल्यावर सोडावी. त्यामुळे जलकीटक व लहान खंड्या या दोहोंचा धोका मोठ्या प्रमाणात कमी होतो. तळ्यावर आलेल्या सुक्या फांद्या छाटल्यास खंड्याची बैठक नाहीशी होते. छाटण्यापूर्वी झाडावर घरटे नाही याची खात्री करावी.

तिसरी पायरी : जाळी, पण योग्य जाळी

परसातील तळ्यासाठी ताणून बसविलेली जाळी हा सर्वांत विश्वासार्ह उपाय होय. मात्र सैल व पातळ धाग्याची जाळी माशांना वाचवीत नाही आणि पक्ष्यांना मारते. जाळी बसविताना पुढील बाबी पाळाव्यात.

• वीस चौरस मीटरपर्यंतच्या टाक्यांसाठी ५ मिलिमीटर छिद्रांची विणलेली जाळी उत्तम. एवढ्या छिद्रात पक्ष्याचे डोके किंवा पाय अडकत नाहीत. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने घरगुती फळझाडांवरील जाळीसाठी २०२१ मध्ये हीच कमाल मर्यादा बंधनकारक केली. या जाळीतून चतुर अंडी घालण्यासाठी पाण्यापर्यंत पोहोचू शकत नाहीत, हा आणखी एक लाभ.

• मोठ्या तळ्यांसाठी जाड सुताची, २५ मिलिमीटर छिद्रांची, सहज नजरेस पडणारी जाळी घ्यावी. मासेमारीची पारदर्शक तंगूसाची जाळी कदापि वापरू नये.

• जाळी पावसाळ्यातील सर्वोच्च पातळीपासून ४५ ते ६० सेंटिमीटर उंच असावी. ती पाण्यावर झोळीसारखी लोंबल्यास वंचक तिच्यावरच उभा राहून छिद्रांतून मासे टिपतो.

• लोखंडी किंवा बांबूचे खांब रोवून त्यांवर जस्तलेपित तारा ताणाव्यात व जाळी त्यांना बांधावी. मे-जूनमधील धुळीच्या वादळांचा जोर ध्यानात घेऊन कोपऱ्यांना ताण द्यावा.

• जाळीच्या कडा जमिनीपर्यंत आणून वीट किंवा खुंटीने दाबाव्यात. खाद्य देण्यासाठी व मासे काढण्यासाठी एका बाजूस उघडता येणारा भाग ठेवावा.

• दिवसातून दोनदा जाळीची पाहणी करावी. अडकलेला पक्षी आढळल्यास त्याच्यावर कापड टाकून जाळी कापावी. पक्षी ओढू नये.

संपूर्ण जाळी परवडत नसेल, तर तळ्याचा एक तृतीयांश भाग झाकून तेथेच खाद्य द्यावे. मासे झाकलेल्या भागात राहण्यास सरावतात. चालत पाण्यात उतरणाऱ्या बगळ्यांसाठी काठापासून ३० सेंटिमीटर अंतरावर, १५ व ३५ सेंटिमीटर उंचीवर दोन जाड दोऱ्या ताणून लावल्यासही काही प्रमाणात अटकाव होतो. पाणकावळ्यासाठी हा उपाय पुरेसा नाही.

चौथी पायरी : हुसकावणे

बुजगावणे, चमकदार फिती, वाऱ्यावर फिरणाऱ्या चकत्या यांचा परिणाम होतो, पण तो अल्पकाळ टिकतो. एकच कीटकनाशक पुनःपुन्हा वापरल्यास किडीत प्रतिकारशक्ती निर्माण होते, याची येथे आठवण होते. मात्र किडीतील प्रतिकार पिढ्यांमधून येतो, तर पक्षी काही दिवसांतच स्वतः शिकतो. म्हणून साधनांची जागा व प्रकार दर तीन-चार दिवसांनी बदलावेत आणि मत्स्यबीज सोडल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांसाठीच त्यांवर भर द्यावा. फटाक्यांचा वापर करू नये. त्यांमुळे मासेही बिथरतात, शिवाय राजधानी क्षेत्रात त्यांवर न्यायालयाचे निर्बंध आहेत.

हे कटाक्षाने टाळावे

वंचक, बगळे, पाणकावळे, करकोचे व खंड्या यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. या कायद्यातील ‘शिकार’ या संज्ञेत ठार मारण्याबरोबरच पकडणे, विष घालणे, फासे लावणे, जखमी करणे आणि अंडी वा घरटी नष्ट करणे या कृतींचाही समावेश होतो. तळे खासगी जागेत असल्याने यात सवलत मिळत नाही.

कार्बोफ्युरानसारख्या तीव्र विषारी कीटकनाशकाने माखलेला मासा आमिष म्हणून ठेवणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय ते विष मृत पक्षी खाणाऱ्या घारी, कुत्रे व मांजरांपर्यंत पोहोचते. तळ्यात उतरल्यास घरचे मासे खाण्यास अयोग्य ठरतात.

पतंगाचा उरलेला मांजाही तळ्यावर ताणू नये. दिल्ली सरकारने जानेवारी २०१७ मध्ये नायलॉन व तथाकथित चिनी मांजावर बंदी घातली, तरीही स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास पंख कापलेल्या घारी मोठ्या संख्येने उपचारासाठी आणल्या जातात. दिल्लीत या घारींवर उपचार करणाऱ्या दोन भावांवरील ‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा २०२२ चा माहितीपट जगभर पोहोचला. जो दोरा आकाशात घातक आहे, तो तळ्यावर निर्धोक होत नाही.

तळ्यालगत कोंबड्या किंवा बदके असल्यास एक दक्षता अधिक घ्यावी. ऑक्टोबर २०१६ मध्ये पाणपक्ष्यांमधील बर्ड फ्लूमुळे दिल्लीचे प्राणिसंग्रहालय काही काळ बंद ठेवावे लागले होते. मृत रानपक्षी उघड्या हातांनी उचलू नये. पशुसंवर्धन विभागास कळवावे. जाळीमुळे रानपक्षी व पाळीव पक्षी यांचा संपर्क कमी होतो, हाही तिचा उपयोगच आहे.

हंगामी कामांचे वेळापत्रक

• मार्च ते जून : पानगळीनंतर जाळीवरील पाने काढणे, तारा पुन्हा ताणणे, पाण्याची पातळी राखणे, आश्रयस्थाने मांडणे.

• जुलै-ऑगस्ट : साबण-तेल मिश्रण, हातजाळीने कीटक काढणे, बोटुकली सोडणे, पहिले तीन आठवडे पहाटे व सायंकाळी पहारा.

• सप्टेंबर-ऑक्टोबर : खाद्य देताना माशांची गणना, जाळीची दुरुस्ती, या काळात नवखे पिलू-पक्षीही येऊ लागतात.

• नोव्हेंबर ते फेब्रुवारी : पाणकावळ्यांवर लक्ष, खोल पाणी राखणे, थंडीत खाद्य कमी करणे.

महाराष्ट्रातील शेततळेधारकांसाठी

राजधानी परिसरातील हा विचार महाराष्ट्रातही उपयोगी आहे. राज्यात २०१६ पासून राबविलेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत १५ × १५ × ३ मीटरपासून ३० × ३० × ३ मीटरपर्यंतच्या आकाराची तळी घेण्याची सोय होती आणि अशा अनेक तळ्यांत मासे सोडले जातात. प्लॅस्टिक अस्तर असलेल्या तळ्याच्या निसरड्या उतारावर वंचकाला उभे राहणे अवघड जाते. तेथे पाणकावळा व खंड्या यांच्याकडे अधिक लक्ष द्यावे. खांब अस्तराच्या बाहेर, बांधावर रोवावेत. तळाशी ठेवायच्या कौलांच्या व माठांच्या धारदार कडा अस्तर फाडणार नाहीत, यासाठी त्याऐवजी गुळगुळीत पाइप वापरावेत. लहान तळे पूर्ण झाकावे. ३० मीटरच्या तळ्यात निदान बोटुकली वाढविण्याचा हापा झाकलेला असावा.

समारोप

रब्बीसाठी नांगरणी सुरू झाली की नांगरामागे चालणारे बगळे मातीतील हुमणी व कटवर्म वेचतात. त्यासाठी शेतकरी एक पैसाही मोजत नाही. तोच पक्षी परसातील तळ्यावर आला की उपद्रवी ठरतो. त्याला एका ठिकाणी ठेवून दुसऱ्या ठिकाणाहून नाहीसे करता येणार नाही. तळे मात्र झाकता येते. नुकसान मोजून, कारण ओळखून आणि वेळेआधी जाळी ताणून घेतल्यास ताटातले मासे आणि शेतातले बगळे या दोहोंची राखण एकाच वेळी होते.